सुंभ, पीळ आणि चाळीस लाखांची देणगी

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस सुरू झाला त्याच आठवड्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं आणि एक जाडसर लिफाफा पुढे सरकवला. "टीचर, चाळीस लाखांची देणगी आहे. पण अट आहे. वाचा आणि पंधरा दिवसांत लेखी मत द्या." मी मत दिलं. तिथवर पोचताना काय वाचलं, कोणतं गणित मांडलं, कुठे चूक केली आणि शेवटी पैशांचं काय झालं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. अशी वेळ दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयावर आली तर त्यांना निदान पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागू नये.

आमची संस्था गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. शाळा, उच्च माध्यमिक आणि विज्ञान शाखेचं छोटं पदवी महाविद्यालय. खाणी चालू होत्या तोवर देणग्यांची ददात नव्हती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणपट्टे रद्द झाले, तालुक्याचा पैसा आटला आणि त्याबरोबर आमचाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेवटचं मोठं उपकरण कधी आलं, ते लॅबमधल्या दादांनाही आठवत नाही. अशा वेळी चाळीस लाख नको म्हणणं सोपं नसतं. हो म्हणणंही सोपं नव्हतं, कारण अट अशी होती: या पैशांतून फ्यूजनचं, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र जोडून (संमीलन) ऊर्जा काढण्याचं, यंत्र उभारायचं.

देणगीदारांना सगळे भाई म्हणतात. आमच्याच शाळेत शिकले, पुढे विद्युत अभियंता होऊन तीस वर्षं आखातात राहिले. मूळ घर सत्तरी तालुक्यात, आई अजून तिथेच. तीन वर्षांपूर्वी पावसाळी वाऱ्यात झाडं पडून गावच्या तारा तुटल्या. तीन दिवस वीज नव्हती. आईंना दमा, नेब्युलायझर चालेना, शेवटी शेजाऱ्यांनी भर पावसात त्यांना रिक्षात घालून साखळीला नेलं. भाई तेव्हा मस्कतला होते आणि फोन लागत नव्हता. लिफाफ्यातल्या पत्रात त्यांनी हे सगळं दोन परिच्छेदांत लिहिलं होतं. खाली एकच वाक्य: गोव्याची वीज राज्याबाहेरून तारांवर येते, ती गोव्यातच तयार व्हायला हवी आणि तिची सुरुवात आपल्या शाळेतून व्हावी. हे पत्र वाचल्यावर विषय हलकेपणाने घेण्याची सोय राहिली नाही.

पत्राबरोबर परदेशातल्या एका छोट्या कंपनीची माहितीपुस्तिका होती. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तिचा सांगावा असा: टोकामाक नावाच्या डोंगराएवढ्या फ्यूजन यंत्राची गरज नाही. प्लाझ्माला, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूला, योग्य धक्का द्या, तो स्वतःच स्वतःला गुंडाळून घट्ट गाठ तयार करतो आणि त्या गाठीत संमीलन होतं. यंत्र एका खोलीत मावतं. आधी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वापरायचा, पुढे हायड्रोजन आणि बोरॉन. पाच वर्षांत शाळेची इमारत उजळवायची, ही पायरी भाईंनी स्वतः जोडलेली होती.

पहिल्या दिवशी मी एका पानाचा नकार लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी तो फाडला. "हे शक्य नाही" एवढं लिहिणं म्हणजे मत नव्हे. शिवाय पुस्तिकेतली मूळ कल्पना खोटी नव्हती. तिथेच तर सगळी अडचण होती.

तृतीय वर्षाच्या दोन मुली आणि एक मुलगा यांना मी सोबत घेतलं. एका संध्याकाळी वीज गेलेली असताना वर्गात बसून मी त्यांना टोकामाक समजावत होते. सूर्यात गुरुत्वाकर्षण जे काम करतं ते पृथ्वीवर चुंबकीय क्षेत्राकडून करून घ्यायचं. ड्युटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचं आणखी जड रूप) यांचा वायू सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा आणि तो भिंतीला लागू द्यायचा नाही. त्यासाठी बाहेरून वीज वाहणाऱ्या तारांची प्रचंड वेटोळी लावायची. फ्रान्समध्ये उभं राहत असलेल्या ईटर यंत्राचं वजन सुमारे २३,००० टन. त्याचं बाहेरचं क्रायोस्टॅट हे अतिथंड निर्वातपात्र भारताच्या वाट्याचं, त्याचे भाग गुजरातमध्ये हजिऱ्याला घडले. एवढा लोखंडी संसार मांडायचा तो फक्त प्लाझ्माला जागेवर धरून ठेवायला.

"मग प्लाझ्मातूनच वीज वाहते तर त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही का?" एकीने विचारलं. होतं. आणि स्वयंसंघटित प्लाझ्माची सगळी शाखा या एका प्रश्नातून फुटली आहे. बाहेरच्या वेटोळ्यांवर विसंबण्यापेक्षा प्लाझ्मातल्या प्रवाहालाच आपली भांडी घडवू द्यायची.

दुसऱ्या दिवशी तिनेच घरून हातभर सुंभ आणला. काथ्याचा, नारळाच्या सोडणाचा, गोठ्यात वापरतात तसा. दोन टोकं धरून तो पिळत गेलं की आधी तो ताठ होतो. मग टोकं जरा जवळ आणली की मधोमध एकदम वेटोळं उसळतं आणि सुंभ स्वतःभोवती गुंडाळला जातो. कोणी सांगत नाही, तो आपणच करतो. ताण कमी होतो, पण पीळ कुठे जात नाही. दोरीच्या अंगातला पीळ वेटोळ्याच्या रूपात दिसू लागतो. प्लाझ्माच्या खांबातून फार मोठा प्रवाह सोडला की हेच होतं, खांब वाकतो आणि वेटोळं धरतो.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माणसाच्या हेक्याबद्दल आपण ती वापरतो. प्लाझ्माच्या बाबतीत ती जवळजवळ अक्षरशः खरी आहे. चुंबकीय रेषा एकमेकींभोवती किती पिळलेल्या आणि गुंतलेल्या आहेत याचं एक माप असतं, त्याला हेलिसिटी म्हणतात. मी मुलांशी बोलताना सरळ पीळ म्हणते. खळबळीत चुंबकीय ऊर्जा भराभर जळते, पण एकूण पीळ फारच हळू उतरतो. मग प्लाझ्मा काय करतो? आहे त्या पिळात कमीत कमी ऊर्जेची जी मांडणी शक्य आहे तिच्यात जाऊन बसतो. १९५८ मध्ये लोडेवाइक वॉल्टियर यांनी ताऱ्यांच्या संदर्भात हे गणित मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि केंडॉल यांनी अशा क्षेत्रांची उत्तरं काढून ठेवली होती. १९७४ साली ब्रिटनच्या जे. बी. टेलर यांनी ही कल्पना प्रयोगशाळेतल्या प्लाझ्माला लावली आणि एक जुनं कोडं सुटलं.

ते कोडं झेटाचं. ब्रिटनमधल्या हारवेलच्या या फ्यूजन यंत्राची गोष्ट आमच्या प्रकरणाला इतकी लागू पडते की ती जरा सविस्तर सांगते. १९५७ मध्ये झेटा सुरू झालं, ड्युटेरियम वापरल्यावर त्यातून न्यूट्रॉन यायला लागले. जानेवारी १९५८ मध्ये जाहीर घोषणा झाली. हे न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची ९० टक्के खात्री आहे, असं हारवेलचे प्रमुख जॉन कॉक्रॉफ्ट म्हणाले. वर्तमानपत्रांनी समुद्राच्या पाण्यातून अमर्याद वीज मिळणार म्हणून मथळे दिले. काही महिन्यांतच घोषणा मागे घ्यावी लागली. न्यूट्रॉन खरे होते, संमीलनही खरं होतं, पण ते तापलेल्या प्लाझ्माचं नव्हतं. प्लाझ्मा मोडताना निर्माण झालेल्या विद्युत क्षेत्रांनी काही मोजके आयन (विद्युतभारित अणू) वेगाने फेकले गेले आणि ते थंड आयनांवर आदळले. अशा मार्गाने कितीही न्यूट्रॉन मिळाले तरी ऊर्जेचा हिशेब जुळत नाही, कारण फेकलेल्या आयनांची बहुतेक ऊर्जा टकरींत वाया जाते.

त्याच झेटामध्ये पुढे एक विलक्षण गोष्ट दिसली. सुरुवातीच्या गोंधळानंतर प्लाझ्मा काही काळ शांत होई आणि कडेच्या भागातलं चुंबकीय क्षेत्र आपोआप उलट दिशेला वळलेलं असे. बाहेरून कोणी ते वळवलेलं नसे. टेलर यांच्या गणितातून नेमकं हेच निघत होतं. एकाच यंत्राने एक मोठी फसगत आणि एक मोठा शोध दिला. मुलांना मी सांगितलं, लिफाफ्यातल्या पुस्तिकेत या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत, त्या आपल्याला सोडवायच्या आहेत.

इथून पुढे माझा मुद्दा सुरू होतो आणि समितीपुढेही मी तोच ठेवला. पीळ उरतो ही खरी गोष्ट आहे. पण आपल्याला वीज हवी असेल तर पीळ नको आहे, सुंभ हवा आहे. प्लाझ्मातली ऊब हवी आहे. आणि ज्या प्रक्रियेने प्लाझ्मा स्वतःला आवरून बसतो तीच प्रक्रिया ऊब बाहेर सोडते. प्लाझ्माला नव्या मांडणीत जायचं तर चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जाव्या लागतात. रेषा तुटतात-जोडतात तेव्हा भांड्याला भोकं पडतात, तापलेले इलेक्ट्रॉन रेषांवरून पळत भिंतीला जाऊन लागतात. एकदाच होऊन थांबलं तर ठीक. पण प्लाझ्मातला पीळ हळूहळू उतरतो, तो बाहेरून पुन्हा भरायला गेलं की खळबळ पुन्हा सुरू. कुळागरातल्या पाटाचा बांध रोज फोडून रोज लिंपायचा आणि पाणी मात्र साचायला हवं, तसलं हे काम.

कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९९ ते २००७ या काळात स्फेरोमॅक प्रकारचं एक यंत्र चाललं. स्फेरोमॅक म्हणजे मधल्या भोकातून वेटोळी न घालता चेंडूसारख्या भांड्यात पिळलेला प्लाझ्मा बसवायचा. दिसायला अतिशय देखणी कल्पना. तिथल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेलं, म्हणजे पन्नास-साठ लाख अंश. आणि ते कधी गेलं? आतल्या चुंबकीय हालचाली अगदी मंद असताना. पीळ जोरात भरत असताना नव्हे. संमीलनाला लागणाऱ्या तापमानाच्या तुलनेत हे वीस-पंचवीस पटींनी कमी आहे.

हा मार्ग बंद झाला असा याचा अर्थ नाही. इटलीत पाडुआच्या आरएफएक्स यंत्रात दिसलेली गोष्ट मला स्वतःला सगळ्यात आवडते. तिथे प्रवाह १५ लाख ॲम्पियरच्या आसपास नेल्यावर प्लाझ्माने अनेक छोट्या खळबळी सोडून एकच स्वच्छ मळसूत्री आकार धारण केला आणि त्या आकारात ऊब आधीपेक्षा चांगली टिकली. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. सुंभाने दहा ठिकाणी गाठी मारून घेण्याऐवजी एकच सरळ पीळ पत्करला, असं म्हणता येईल.

भाईंच्या पुस्तिकेत टीएई आणि हीलियन या अमेरिकी कंपन्यांचे दाखले होते. तेही तपासले. दोघींची यंत्रं उलट-क्षेत्र मांडणीवर चालतात. मुलाने इथे बरोबर हरकत घेतली. या मांडणीत चुंबकीय रेषांना पीळ जवळजवळ नसतोच, मग टेलरचं गणित इथे कसं लागू? लागू होत नाही. इथला प्लाझ्मा धूम्रवलयासारखा बंद कडी करतो आणि आपल्याच प्रवाहावर उभा राहतो. तो का टिकतो याची कारणं वेगळी आहेत, मोठ्या घेरात फिरणारे वेगवान आयन हे त्यातलं एक. पुस्तिकेने सगळ्याला 'स्वयंसंघटन' या एका शब्दाखाली बांधून टाकलं होतं. नॉर्मन रोस्टोकर यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये उभी राहिलेली टीएई बाहेरून अणूंचे झोत सोडून ही कडी जगवते. तिच्या मोठ्या यंत्रात ती सुमारे ३० मिलिसेकंद टिकते. हीलियन अशा दोन कड्या एकमेकींवर आदळवून दाबते आणि फुगणाऱ्या प्लाझ्मातून थेट वीज काढायचं म्हणते. २०२३ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टशी २०२८ पासून वीज देण्याचा करार केला. ही दोन्ही कामं गंभीर आहेत. पण दोन्हींच्या मागे शेकडो माणसं आणि प्रचंड भांडवल आहे. चाळीस लाखांच्या यंत्राला त्यांचा दाखला चालत नाही.

आता प्रत्यक्ष यंत्र. पुस्तिकेतलं यंत्र होतं प्लाझ्मा फोकस. सोव्हिएत रशियात फिलिपोव्ह आणि अमेरिकेत मॅथर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे विकसित केलेलं. एकात एक दोन विद्युतअग्रं, मध्ये कमी दाबाचा वायू. कपॅसिटरांचा साठा एकदम रिकामा केला की प्रवाहाचा पडदा नळीतून पुढे धावतो, टोकाला पोचून आत कोसळतो आणि क्षणभर अतितप्त, अतिदाट अशी बारीक कांडी तयार होते. ती मोडते आणि तेव्हा न्यूट्रॉन सुटतात.

महाविद्यालयात असं यंत्र ठेवणं मुळातच वेडेपणा नाही, हे मी मतात आवर्जून लिहिलं. मलेशियाचे सिंग ली यांनी १९८० च्या दशकात विकसनशील देशांच्या विद्यापीठांसाठी याच प्रकारचं छोटं यंत्र घडवलं, क्वालालंपूरला वेगवेगळ्या देशांच्या शिक्षकांना बसवून ते बांधायला शिकवलं. दिल्ली विद्यापीठातही तसं यंत्र आलं. भाईंनी मागवायचं ठरवलेलं यंत्र जवळपास तेच होतं. त्यामुळे आकडे हाताशी होते आणि ली यांनी तयार केलेला संगणकी नमुना साध्या स्प्रेडशीटवर चालतो. मुलांनी चार दिवसांत तो चालवून पाहिला. खाली लिहिलेला हिशेब मात्र आम्ही फळ्यावर खडूने केला.

कपॅसिटर ३० मायक्रोफॅरड, दाब १५ हजार व्होल्ट. साठलेली ऊर्जा ३,३७५ जूल. ७५ वॅटचा पंखा ४५ सेकंद फिरेल एवढीच. ड्युटेरियम भरून चांगलं स्फुरण, म्हणजे साठा रिकामा करण्याचा एक झटका, मिळालं तर सुमारे १० कोटी न्यूट्रॉन. दहा कोटी हा आकडा ऐकायला भारी वाटतो आणि पुस्तिकेत तो ठळक अक्षरांत होता. पण प्रत्येक न्यूट्रॉनमागे ऊर्जा किती? मी २.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरून गुणाकार केला आणि उत्तर लिहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ड्युटेरियमची अर्धी संमीलनं न्यूट्रॉन देतच नाहीत, प्रोटॉन आणि ट्रिटियम देतात. आणि न्यूट्रॉनच्या जोडीला हेलियमही ऊर्जा घेऊन जातो." बरोबर होतं. मी मोठ्या उत्साहाने नकाराचा आकडा काढत होते आणि भाईंच्या यंत्राला त्याच्या हक्काच्या ऊर्जेच्या एक तृतीयांशच देत होते. दोन्ही वाटांची ऊर्जा धरली तर प्रत्येक न्यूट्रॉनमागे ७.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एकूण ०.०००१२ जूलच्या आसपास.

तीन मिलिग्रॅमचा मोहरीचा दाणा चार मीटर उचलायला लागेल एवढी ऊर्जा. घातलेली ऊर्जा तिच्या जवळजवळ तीन कोटी पट.

मग मुलांनी भाईंची बाजू घेऊन पाहिली, आणि ते मला फार बरं वाटलं. यंत्र मोठं केलं तर? छोट्या यंत्रांत न्यूट्रॉनांची संख्या ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ऊर्जा दहापट केली की न्यूट्रॉन शंभरपट. हा नियम शेवटपर्यंत चालला असं मानलं तर घातली तेवढी ऊर्जा परत मिळवायला साठा तीन कोटी पट हवा: एका स्फुरणात सुमारे २७ हजार युनिट वीज. ड्युटेरियमच्या जोडीला ट्रिटियम घातला तर गरज अडीचशे पटींनी उतरते, पण ट्रिटियम किरणोत्सारी, तो कुठल्याही महाविद्यालयाला मिळणार नाही. आणि नियम शेवटपर्यंत चालतही नाही. वॉर्साचं पीएफ-१००० हे १० लाख जूलच्या श्रेणीचं यंत्र आहे. वर्गाच्या नियमाने तिथे लाख कोटीहून जास्त न्यूट्रॉन यायला हवेत, येतात ते दहा-वीस हजार कोटींच्या घरात. कारण सिंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवून दिलं: धावणाऱ्या पडद्याचा काही मिलिओहमचा अडथळा यंत्र मोठं केलं तरी तसाच राहतो, साठ्याचा अडथळा मात्र घटत जातो, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे कपॅसिटर कितीही वाढवा, प्रवाह वाढत नाही. शिवाय यातले बहुतेक न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्माचे नसून कांडी मोडताना फेकल्या गेलेल्या आयनांचे. म्हणजे पुन्हा झेटा.

हायड्रोजन-बोरॉनची वाट फळ्यावर आणखी लवकर संपली. त्यात तीन हेलियम केंद्रकं आणि ८.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, न्यूट्रॉन जवळजवळ नाहीत, हे सगळं मोहक आहे. पण तापमान शंभर कोटी अंशांच्या वर लागतं, आणि बोरॉनच्या केंद्रकावर पाच प्रभार असल्याने इलेक्ट्रॉन त्याच्याजवळून जाताना क्ष-किरणांच्या रूपात इतकी ऊर्जा गमावतात की भट्टी स्वतःच थंड होऊ पाहते.

तिसरी गोष्ट मुलांना दुय्यम वाटली, मला नाही. १५ हजार व्होल्टवर भरलेले ३,३७५ जूल म्हणजे ताल बिघडून नुसतं थरथरणारं हृदय ताळ्यावर आणण्यासाठी देतात त्या जास्तीत जास्त ३६० जूलच्या धक्क्याच्या नऊपट. डिचोलीत आषाढात चामड्याच्या चपलेवर रात्रीत बुरशी येते. त्या हवेत उच्चदाबाच्या जोडण्यांवर ओल धरणार, तिथून वीज घसरणार. न्यूट्रॉन देणारं यंत्र म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, संरक्षक भिंत, मोजमाप, प्रशिक्षित माणूस. आमच्याकडे लॅबमधले दादा आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांच्या हातात मी ही पेटी देणार नव्हते.

समितीची बैठक आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी झाली. बाहेर कोसळत होतं. भाई पडद्यावर, मस्कतहून. मी मुलांनाच बोलायला लावलं. मोहरीच्या दाण्याचा हिशेब ऐकल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. भाई बराच वेळ गप्प होते.

"अगो बाय," मला ते लहानपणापासून ओळखतात, "भाभांनी पंचावन्न सालीच जिनिव्हात सांगितलं होतं, वीस वर्षांत हे जमेल म्हणून. इतके मोठे लोक चुकले?"

"भाई, त्यांचा अंदाज चुकला, दिशा चुकली नाही. २०२३ साली ब्रिटनमधल्या जेट या टोकामाकने पाच-सहा सेकंदांत ६९ दशलक्ष जूल काढले. गांधीनगरला आपल्याच प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून टोकामाक चालतंय. काम चालू आहे. पण ते आपल्या शाळेच्या खोलीत होणार नाही."

"मागीर? हे स्वतः गाठ मारून घेणं, ते खोटं?"

"खरं आहे. अगदी खरं आहे. तुम्ही ज्यावर विश्वास ठेवलात ते खरंच आहे. पण गाठ बसते हे सांगताना पुस्तिकेने एक गोष्ट सांगितली नाही. ती किती वेळ ऊब धरते ते." मी सुंभ वर धरला. "म्हण आठवते ना? आपल्याला पीळ नाही विकायचा, भाई. सुंभ जळता कामा नये."

ते हसले नाहीत. "आईच्या घराचं काय?" एवढंच विचारलं.

त्याला उत्तर होतं आणि ते फ्यूजनइतकं भव्य नव्हतं. छपरावर सौर पत्रे, बॅटरी, इन्व्हर्टर. झाडांतून जाणाऱ्या उघड्या तारांच्या जागी आवरणाची केबल. नेब्युलायझर चालवायला तेवढं पुरतं. समितीतल्या एका सदस्यांना हे बोलणं अप्रस्तुत वाटलं, तसं त्यांनी सांगितलंही. मला नाही वाटत. पत्राची सुरुवातच त्या घरातून झाली होती आणि त्या प्रश्नाला बगल देऊन दिलेलं मत अपुरं राहिलं असतं.

भाईंनी निर्णयाला तीन आठवडे घेतले. मग अट बदलून पत्र आलं. यंत्राऐवजी प्लाझ्माची प्रयोगशाळा. निर्वात पंप, दाबमापक, काचेच्या लांब नळ्या, काही शे व्होल्टचा मर्यादित प्रवाहाचा वीजपुरवठा, प्लाझ्मात बुडवून तापमान आणि घनता मोजायची बारीक तार, बाहेरून लावायची दोन वेटोळी, दहा संगणक. आर्गॉन आणि साधी हवा, ड्युटेरियम नाही. उरलेल्या पैशांच्या व्याजातून दरवर्षी काही मुलांना गांधीनगर दाखवून आणायचं. शाळेच्या छपरावर सौर पत्रे बसवण्याचं कलम त्यांनी आपणहून घातलं. सत्तरीच्या घरावर ते आधीच बसले होते.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. दारावरच्या पाटीत त्यांना 'फ्यूजन' हा शब्द हवा होता. मी नको म्हटलं. मुलं त्या दारातून आत येताना आत काय आहे हेच पाटीवर असावं, असं माझं म्हणणं. अध्यक्षांनी भाईंची बाजू घेतली. पाटी अजून कोरी आहे.

डिसेंबरात भाई आले. नळीत हवेचा दाब उतरवत नेला, वीजपुरवठा चालू केला. गुलाबी-जांभळा उजेड नळीभर पसरला आणि दाब एका ठरावीक आकड्यावर आल्यावर त्या उजेडाचे पट्टे पडले. उजेड, काळोख, उजेड, काळोख, सारख्या अंतरावर, जागच्या जागी उभे. नळीत कुठेही पडदे नाहीत, तारा नाहीत. भाई खाली वाकून काचेला नाक लावायच्या बेतात होते. मुलीने त्यांना हळूच मागे घेतलं.

"हे कोणी पाडले?"

"कोणी नाही, भाई. ते आपणच पडतात."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आणि वीज बंद केली की किती वेळ राहतात?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही ते मोजलं नव्हतं. तिने बटण बंद केलं, नळी विझली, डोळ्यांना काहीच कळलं नाही. ती फळ्याकडे गेली आणि तारखेखाली तो प्रश्न लिहून ठेवला. सध्या नळीला प्रकाश टिपणारा डायोड जोडायचं काम चालू आहे, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने ते अंगावर घेतलं आहे.